०.३९ गिगाहर्ट्झ: फर्मवेअर अपडेटनंतरचे माझे पंधरा दिवस

मी डोंबिवलीत घरून हिशेबाची कामं करते. छोट्या व्यापाऱ्यांच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, जीएसटी रिटर्न, वर्षाखेरीस सीएकडे द्यायची कागदपत्रं. सध्या अकरा जणांचं काम आहे. त्यातले सहा दर महिन्याला रिटर्न भरणारे, बाकीचे तिमाहीवाले. त्यामुळे रिटर्नच्या शेवटच्या तारखा, महिन्याची ११ आणि २०, माझ्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमका ११ तारखेच्या तोंडावर लॅपटॉपने मान टाकली, आणि तो पूर्ववत व्हायला बारा दिवस गेले. त्या दिवसांत मी मराठीत खूप शोधलं, हाताला काही लागलं नाही. म्हणून हे तारखांसकट लिहून ठेवतेय.

लॅपटॉप जून २०२१ मध्ये घेतलेला. आय५-११३५जी७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आता विंडोज ११ होम. तीन वर्षांची वॉरंटी २०२४ मध्येच संपली. मूळ चार्जरची वायर पिनेपाशी तुटली होती, म्हणून यंदा गणपतीत स्टेशनजवळच्या दुकानातून ७५० रुपयांना दुसरा आणला. तो व्यवस्थित चालत होता. हा चार्जर लक्षात असू द्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी झालेली, त्यामुळे कामं साठली होती. दुपारी विंडोजने अपडेट लावून रिस्टार्ट मागितला. मी चहा ठेवायला उठले आणि बटण दाबून गेले. परत येते तर काळ्या पडद्यावर कंपनीचा लोगो, खाली सरकणारी पट्टी आणि 'बंद करू नका' अशी सूचना. हे नेहमीचं अपडेट नाही, एवढं कळलं. ते फर्मवेअरचं होतं, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या त्या प्रोग्रॅमचं, जो विंडोजच्याही आधी सुरू होतो. आपले लोक त्याला अजून बायॉसच म्हणतात. ते विंडोज अपडेटमधूनही येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अपडेटच्या यादीत कंपनीच्या नावापुढे 'फर्मवेअर' असं लिहिलेलं असतं, आपण ते वाचत नाही.

साधारण दहा मिनिटांनी पट्टी संपली आणि निळा पडदा आला. बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागत होता. ४८ आकडे. माझ्या पोटात गोळा आला, कारण मी आयुष्यात कधी बिटलॉकर चालू केलेलं नव्हतं. टॅलीचा शेवटचा बॅकअप २८ ऑक्टोबरचा होता. म्हणजे दिवाळीनंतर केलेल्या सगळ्या नोंदी त्या निळ्या पडद्याच्या आत.

नागपूरला असलेल्या भाच्याला फोन लावला. हा लॅपटॉप २०२१ मध्ये त्यानेच सुरू करून दिला होता. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस. तेव्हा मी माझ्याच अकाउंटने लॉगिन केलं होतं. की माझ्या अकाउंटमध्ये असणार." तसंच निघालं. विंडोज होममध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. एरवी ती कोणी मागत नाही. फर्मवेअर बदललं की मात्र सुरक्षा चिपला वाटतं, मशीनमध्ये कोणीतरी हात घातलाय, आणि ती किल्ली मागते. पडद्यावर कीचा एक ओळखक्रमांक दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून भाच्याने योग्य की शोधली आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट मला फोनवर वाचून दाखवले. मी ते आधी वहीत उतरवले, मग टाइप केले. विंडोज उघडलं.

माझी कळकळीची विनंती आहे, हे वाचून झालं की आजच आपली की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. मुलाच्या, पुतण्याच्या, दुकानदाराच्या, कोणाच्या अकाउंटने लॅपटॉप सुरू केला होता, ते आठवा. दुकानदाराच्या अकाउंटने केला असेल तर लगेच स्वतःचं अकाउंट जोडून घ्या आणि की आपल्या ताब्यात आहे याची खात्री करा.

मला वाटलं संकट टळलं. पण विंडोज उघडायलाच चार मिनिटं गेली. टॅली उघडायला आणखी तीन. व्हाउचरमध्ये पार्टीचं नाव टाइप केलं तर एकेक अक्षर थांबून थांबून उमटत होतं. अपडेटनंतर थोडा वेळ असं होतं, म्हणून रात्रभर चालू ठेवून झोपले.

७ तारखेला सकाळी तेच. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करताना कॅप्चाचे आकडे भरून पुढचं पान उघडेपर्यंत सेशन संपून जायचं. पुन्हा कॅप्चा, पुन्हा तेच. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्के. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स काढली, सुरुवातीला उघडणारे प्रोग्रॅम बंद केले, पॉवर मोड 'सर्वोत्तम कामगिरी'वर नेला. काडीचा फरक पडला नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्सच्या पानावर, आलेखाच्या खाली 'स्पीड' असा आकडा असतो. माझा ०.३९ गिगाहर्ट्झ होता. शेजारी 'बेस स्पीड' २.४० लिहिलेलं. मी दोन्ही आकडे पाहिले आणि तशीच पुढे गेले. हिशेब करणाऱ्या माणसाने दोन आकड्यांमधला एवढा फरक सोडून द्यायला नको होता, पण तेव्हा ते आकडे कशाचे हेच कळत नव्हतं.

८ तारीख, शनिवार. गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे नेला. ते म्हणाले, फॅनमध्ये धूळ असेल, गरम होऊन स्लो होतोय. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट, ८०० रुपये. धूळ खरोखर होती, त्यामुळे ते पैसे अगदीच वाया गेले असं म्हणणार नाही. पण वेग होता तिथेच. मग ते म्हणाले, ताई, विंडोज फॉरमॅट करू आणि रॅम १६ जीबी करू, साडेचार हजारांत होईल. मी 'विचारून सांगते' म्हणत लॅपटॉप उचलला. ११ तारखेच्या आधी फॉरमॅट करायची माझी हिंमत नव्हती. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्यायचं. त्या वेगाने दीड तास लागला.

९ तारीख, रविवार. संध्याकाळी सातच्या सुमारास मी एका मेडिकलवाल्यांची बिलं चढवत होते. चढवत होते म्हणजे एक बिल टाकायचं आणि वाट पाहायची. तेवढ्यात लाइट गेली. अंधारात नुसता पडद्याचा उजेड. मी मेणबत्ती शोधायला उठणार, तर पडद्यावर मगाशी अडकलेली सगळी अक्षरं एका दमात उमटली. नोंद सेव्ह झाली, पुढचं व्हाउचर उघडलं. मी परत बसले. एंटर दाबला, झटकन पुढे. आणखी एक बिल टाकलं, झटकन. तीन दिवसांनी तो लॅपटॉप माझा लॅपटॉप वाटत होता. टास्क मॅनेजर उघडला: ३.५८ गिगाहर्ट्झ. मी यजमानांना ओरडून बोलावलं आणि अंधारात आम्ही दोघं तो आकडा बघत बसलो.

साडेआठला लाइट आली. फॅन फिरायला लागला, फ्रिज गुरगुरला आणि पडद्यावरचा आकडा खाली आला. ०.३९. मी चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढली: ३.४ च्या आसपास. लावली: ०.३९. काढली, लावली, असं पाच-सहा वेळा केलं. दर वेळी तेच.

दुसरी गोष्टही तेव्हाच दिसली. लाइट गेली तेव्हा बॅटरी ९७ टक्के होती, दीड तासात ६१ झाली. लाइट आल्यावर ती ६१ वरच थांबली, वर चढेना. चार्जर लावलेला, त्याचा दिवा चालू, लॅपटॉपही त्याच्यावर चालतोय, पण बॅटरी भरत नाही.

रात्री भाच्याने फोनवर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावला. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की मिळतो. त्यात 'विंडोज लॉग्ज', मग 'सिस्टिम'. तिथे पिवळ्या त्रिकोणांची रांगच होती. इव्हेंट क्रमांक ३७, 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर'. मजकुराचा अर्थ असा, की प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने मर्यादित केला आहे, आणि तो इतके सेकंद याच अवस्थेत आहे. मग त्याने बॅटरी रिपोर्ट काढायला सांगितला. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरपी रेघ, तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट', एवढं टाइप केलं की एक फाइल तयार होते. त्यात गेल्या काही दिवसांत बॅटरी कधी भरली, कधी उतरली, सगळं तारीखवार दिसतं. एखादा खातेउतारा वाचावा तसं मी ते वाचलं. ६ तारखेच्या दुपारपर्यंत चार्जिंग व्यवस्थित. त्यानंतर एकदाही नाही.

भाच्याने सगळं उलगडून सांगितलं. प्रोसेसरला बाहेरूनही 'सावकाश चाल' असा इशारा देता येतो. हा इशारा मदरबोर्डवरची नियंत्रक चिप देते. काही तापलं असेल, किंवा मिळणाऱ्या विजेवर तिचा भरवसा नसेल, तर ती प्रोसेसरला अगदी तळाच्या वेगावर आणून ठेवते. त्या इशाऱ्याला 'बीडी प्रॉकहॉट' म्हणतात. 'थ्रॉटलस्टॉप' नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये एक खूण काढली की प्रोसेसर तो इशारा ऐकायचं थांबवतो, आणि बरेच लोक तेवढंच करून मोकळे होतात. मी नाही केलं. मशीन कशाला तरी घाबरून हळू चालतंय, ते कशाला हे कळण्याआधी त्याचे कान झाकायचे, हे मला पटेना. प्रोसेसर स्वतः फार तापला तर तो तरीही स्वतःला आवरतो, पण चार्जर आणि मदरबोर्डवरचे वीज पुरवणारे भाग यांचं रक्षण त्या इशाऱ्यावर असतं. शिवाय बॅटरी न भरण्याचा प्रश्न त्याने सुटला नसताच.

१० तारखेला माझ्या हाताशी ६१ टक्के बॅटरी होती, आणि ती पुन्हा भरणार नव्हती. मी सकाळी सगळ्या बिलांचे गठ्ठे लावले, सहाही जणांना फोन करून सांगितलं की दुपारी दोन ते चार मोबाइल हातात ठेवा, ओटीपी येईल तो लगेच सांगा. पडद्याचा उजेड कमी केला, ब्लूटूथ बंद केलं, टॅली आणि एक ब्राउझर सोडून काही उघडलं नाही. दोन वाजता चार्जर काढला. पावणेचारपर्यंत सहाही जणांचा जीएसटीआर-१, म्हणजे ११ तारखेचं विक्रीचं रिटर्न, गेला. शेवटच्या हार्डवेअरवाल्यांचा ओटीपी आला तेव्हा बॅटरी ९ टक्के होती. त्या दिवशी मी जेवले साडेचारला.

१२ तारखेला, बुधवारी, लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. टोकन, मग पाऊण तास वाट. जॉबशीटवर सीरियल नंबर, तक्रार, बाहेरून कुठे ओरखडे आहेत ते, सोबत दिलेल्या वस्तू. चार्जरही त्यांनी ठेवून घेतला आणि तसं लिहिलं: 'अडॅप्टर १, मूळ नाही'. डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही, अशा कागदावर सही. तपासणी फी १,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०, आगाऊ. मी तक्रारीत स्पष्ट लिहायला लावलं की चार्जर लावला की ०.३९, काढला की ठीक, आणि ६ तारखेच्या फर्मवेअर अपडेटनंतर सुरू. आपलं निरीक्षण जॉबशीटवर शब्दशः येतंय का, ते काउंटर सोडण्याआधी वाचून बघा. आणि एक, लॅपटॉप कोणाकडेही देताना डिजिटल सिग्नेचरचा टोकन, म्हणजे सहीसाठीचं ते पेनड्राइव्हसारखं उपकरण, आठवणीने काढून घ्या. माझा यूएसबीला लावलेलाच राहिला होता, तिथे आठवलं.

१४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा पोर्टलवरचा तक्ता, येतो, त्याशिवाय खरेदीची जुळवणी करता येत नाही. ती मी शेजारच्या वहिनींच्या लॅपटॉपवर रात्री बसून केली. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याचा अभ्यास संपला की माझी पाळी. त्यांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही, याचं ऋण आहे माझ्यावर.

१५ ला दुपारी सेंटरमधून फोन आला. मदरबोर्डचा चार्जिंगचा भाग गेलाय, बोर्ड बदलावा लागेल, अंदाजे ३१,००० रुपये. मी विचारलं, दुसऱ्या चार्जरवर लावून पाहिलंत का? उत्तर आलं, दिलेल्या चार्जरवरच तपासलंय, आता पुन्हा तपासायचं तर नवा जॉबशीट करावा लागेल. ३१ हजारांत थोडी भर घातली की नवा लॅपटॉप येतो. त्या रात्री मी खरंच नव्या लॅपटॉपच्या किमती बघत होते, आणि मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांकडे मन जात होतं. सोमवारी, १७ ला, दुरुस्ती न करता लॅपटॉप परत आणला. मात्र निदान लेखी मागितलं. ते द्यायला तयार नव्हते, मी काउंटरवर उभी राहिले, तेव्हा जॉबशीटच्या मागे लिहून शिक्का मारून दिला.

१८ तारखेला लॅपटॉप आणि चार्जर पिशवीत घालून निघाले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पत्त्यात डॉ. भडकमकर मार्ग, पण विचारताना लॅमिंग्टनच म्हणा. रस्त्यावरच्या दुकानांपेक्षा वरच्या मजल्यांवर बसणारे जे बोर्ड दुरुस्त करतात, त्यांच्याकडे जा, असं भाच्याने सांगितलं होतं. ज्यांच्याकडे गेले ते साठीचे गृहस्थ, टेबलावर भिंग आणि दिवा. मी निदानाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचलाच नाही. माझा चार्जर हातात घेतला, पिन दिव्याखाली धरली आणि मला भिंगातून बघायला सांगितलं. गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुईसारखी तार असते. ते म्हणाले, "ताई, वीज बाहेरच्या गोलातून जाते. ही मधली तार फक्त बोलते. चार्जर लॅपटॉपला सांगतो, मी अमुक वॉटचा आहे. तुमचा हा बोलतच नाहीये."

मग त्यांनी लॅपटॉप सुरू करताना एफ२ दाबून बायॉसचं पान उघडलं. बॅटरीच्या माहितीखाली अडॅप्टरसमोर 'अज्ञात' असं इंग्रजीत लिहिलेलं. चार्जर काढून त्यांनी खणातला दुसरा, ६५ वॉटचा, लावला आणि तेच पान पुन्हा उघडलं. आता तिथे ६५ वॉट. विंडोज उघडलं, मी स्वतः टास्क मॅनेजर उघडला. चार्जर लावलेला, आणि वेग ३.७. बॅटरीच्या चिन्हावर विजेची खूण आली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

मग हा चार्जर गणपतीपासून दोन महिने कसा चालला, हे मी विचारलंच. त्यांचं म्हणणं असं, की अशा स्वस्त चार्जरमधली ओळख सांगणारी चिप मूळच्या चिपची नक्कल असते. जुनं फर्मवेअर तिला चालवून घेत होतं, नव्याने नाकारलं. ओळख पटली नाही की लॅपटॉप बॅटरी भरणं थांबवतो आणि प्रोसेसरला तळाला आणतो, कारण हा चार्जर किती भार पेलेल हे त्याला ठाऊक नसतं. अपडेटनंतर अशी मशीन्स त्यांच्याकडे आधीही आली होती. फर्मवेअर मागे नेता येईल का, तेही मी विचारलं. ते म्हणाले, बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंपनी सुरक्षेसाठी मागची वाट बंद करते, आणि जिथे उघडी असते तिथेही मध्येच लाइट गेली तर बोर्डच जातो. चार्जर बदलणं त्यापेक्षा सोपं.

मूळ प्रतीचा ६५ वॉटचा चार्जर १,६५० रुपयांना घेतला, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह, पक्कं बिल. तपासणीचे त्यांनी वेगळे काही घेतले नाहीत. एकूण खर्च सफाई ८००, सर्व्हिस सेंटर १,१८०, चार्जर १,६५०, मिळून ३,६३०, प्रवास सोडून. पहिल्याच दिवशी दुसरा योग्य चार्जर लावून पाहिला असता, तर १,६५० मध्ये भागलं असतं. तुमचा लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होत असेल, तर तुम्हाला हे आणखी सोपं: ओळखीच्या कोणाचाही पुरेशा वॉटचा टाइप-सी चार्जर लावा आणि आकडा बघा.

अपडेटनंतर लॅपटॉप मंदावला असेल, तर माझ्यासारखं अँटिव्हायरसपासून सुरू करू नका. आधी टास्क मॅनेजरमधला तो स्पीड बघा, चार्जर लावून आणि काढून. चार्जर लावल्यावरच तळाला जात असेल तर आधी दुसरा योग्य चार्जर लावून बघा. दोन्हीकडे ठीक असेल तर पुढचं शोधा. दोन्हीकडे तळाला असेल तर चार्जरशिवाय दुसरं काही आहे. अशा वेळी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं तरी ती नियंत्रक चिप पुन्हा नव्याने सुरू होते आणि काहींचं तेवढ्याने काम होतं, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. माझ्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता.

२० तारखेला सहाही जणांचं जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, वेळेत गेलं. उशीर झाला असता तर प्रत्येक रिटर्नमागे दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती मी त्यांच्याकडून मागू शकले नसते.

सर्व्हिस सेंटरच्या शिक्क्याचा कागद, लॅमिंग्टन रोडचं बिल आणि बॅटरी रिपोर्टची नवी प्रिंट, ज्यात १८ तारखेच्या रात्री बॅटरी शंभर टक्के भरल्याची नोंद आहे, असं सगळं जोडून मी कंपनीला ईमेल केलाय. १,१८० रुपये परत मागितलेत, पण त्याहून जास्त हे, की मदरबोर्ड बदलायला सांगण्याआधी दुसरा चार्जर लावून बघण्याची एक ओळ त्यांच्या तपासणीत यावी. त्यांचं 'कळवतो' असं उत्तर आलं आहे. पंधरा दिवस वाट पाहीन, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवेन. काय होतं ते इथेच खाली लिहीन.